मोटरहोममध्ये मुले : झोपायला आठ, बसायला किती?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळी आलेली चार पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : भाड्याची मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, आणि तिच्यातून न्यायची बरीच मुले. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या तिघांच्या शंकांचे मूळही तिथेच आहे.

प्रश्न : आम्ही तीन मित्रांची कुटुंबे जूनच्या अखेरीस ग्रँड कॅन्यनला जाणार आहोत. सहा मोठी माणसे आणि आठ मुले आहेत. सर्वांत धाकटी चौदा महिन्यांची आणि सर्वांत मोठा बारा वर्षांचा आहे. ३१ फुटी ‘क्लास सी’ मोटरहोम भाड्याने घेण्याचे ठरवले आहे. जाहिरातीत आठ जणांच्या झोपण्याची सोय असल्याचे लिहिले आहे. सगळी मुले दोघा मोठ्यांबरोबर मोटरहोममध्ये बसून खेळत-गात येतील आणि बाकीचे चौघे आमच्या गाडीने मागून येतील, असा बेत आहे. मोटरहोममध्ये कार सीट (मुलांना पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी आसने) कशा बसवाव्यात, याचे मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, अर्वाइन, कॅलिफोर्निया

उत्तर : आपला बेत मोडण्याची मला हौस नाही, पण पहिली गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही आठही मुले त्या मोटरहोममधून नेऊ नयेत. जाहिरातीतला आठ हा आकडा पाठ टेकण्याच्या जागांचा आहे. सुरक्षित बसण्याच्या जागांचा आकडा वेगळा असतो आणि तो जाहिरातीत बहुधा छापलेला नसतो.

क्लास सी मोटरहोम म्हणजे पुढे ट्रकची केबिन आणि मागे त्याच सांगाड्यावर उभे केलेले घर. केबिनमधली दोन आसने ट्रक बनवणाऱ्या कंपनीची असतात, त्यामुळे ती भरवशाची. मागे साधारणपणे जेवणाचे टेबल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बाक असतात. त्यातला एक प्रवासाच्या दिशेला तोंड करून, दुसरा पाठ करून. याशिवाय भिंतीला लागून आडवा सोफा असतो. कार सीट बसवायची असेल तर ती प्रवासाच्या दिशेला तोंड असलेल्या आसनावरच बसवावी लागते. मागे तोंड असलेला बाक आणि आडवा सोफा यांवर कार सीट किंवा बूस्टर (गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मोठ्या मुलाला उंच बसवणारे आसन) चालत नाही. सीटच्या माहितीपुस्तिकेतही तसे बजावलेले असते. त्या जागांवर पट्टे लावलेले दिसले, तरी त्यामुळे हा नियम बदलत नाही. म्हणजे आपल्या आठ मुलांसाठी हिशेबाला उरतात फार तर दोन आसने, आणि तीही तपासणीत उतरली तरच.

ती तपासणी अशी करावी. गाडी ताब्यात घेण्याच्या आदल्या दिवशीच तिथे जाऊन त्या बाकाची गादी उचलून पाहावी. मी स्वतः एकदा अशी गादी उचलली, तेव्हा खाली प्लायवूडची पेटी होती, तिच्या कडा स्टेपलच्या पिनांनी जोडलेल्या होत्या आणि पट्ट्याचे एक टोक त्या प्लायवूडलाच बोल्टने आवळलेले होते. पट्टा दिसायला नवा कोरा होता, पण मोठा धक्का बसला तर पट्टा, पेटी आणि मूल तिन्ही एकत्रच पुढे गेले असते. पट्ट्याचे बोल्ट पोलादी चौकटीत आणि ती चौकट जमिनीतून गाडीच्या मूळ सांगाड्याला घट्ट जोडलेली दिसली, तरच ती जागा मुलासाठी वापरावी. पट्टा कमरेपुरताच असेल तर त्यावर पाच पट्ट्यांची कार सीट बसवता येते, मात्र बूस्टर वापरता येत नाही, कारण बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. समोरचे टेबल प्रवासात काढून किंवा पूर्ण खाली करून ठेवावे, नाहीतर मुलाचे डोके नेमके त्याच्या कडेवर जाते. यांपैकी एका गोष्टीचीही खात्री पटली नाही, तर मोटरहोमच्या मागच्या भागात एकही मूल बसवू नये.

ताशी ५५ मैलांच्या वेगाने चाललेल्या गाडीत पट्टा न लावता बसलेले मूलही त्याच वेगाने चाललेले असते, आणि गाडी कशावर तरी आदळून थांबली की ते थांबत नाही. तेवढा वेग येण्यासाठी सुमारे एकतीस मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दहाव्या मजल्यावरून, खाली पडावे लागते. घरी आपण मुलांना गॅलरीच्या कठड्याजवळ उभे राहू देत नाही. त्यात भर म्हणजे मागचे घर लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पातळ पत्रे ठोकून बांधलेले असते, आणि मोटारगाडीच्या प्रवासी भागाची जशी टक्कर-चाचणी होते तशी या घराची होत नाही. काही राज्यांचे कायदे मोटरहोमला सवलत देतात, हे खरे आहे. ती सवलत दंडापुरती असते. आपल्याला दंड वाचवायचा नसून मुले वाचवायची आहेत.

मग करावे काय? मोटरहोम घर म्हणून वापरावी, बस म्हणून नव्हे. आपल्याकडे एकूण चौदा माणसे आहेत. दोन मिनीव्हॅन घेतल्या आणि प्रत्येकीत चार मुले व दोन मोठी माणसे बसवली, तर बारा जणांची सोय होते. उरलेली दोन मोठी माणसे मोटरहोम चालवतील आणि आलटून पालटून विश्रांती घेतील. मिनीव्हॅनची आसने कार सीटसाठी बनवलेली असतात, त्यांना तीन टोकांचे पट्टे असतात आणि टक्कर झालीच तर त्या गाड्यांचा सांगाडा धक्का झेलतो. एक मिनीव्हॅन भाड्याने घ्यावी लागली, तर मोटरहोम लहान घेऊन तो खर्च भरून काढता येईल. तसेही ३१ फुटी गाडी ग्रँड कॅन्यनच्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये बसणार नाही, कारण तिथली मर्यादा ३० फुटांची आहे. लांब गाड्यांसाठी शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये जागा राखून ठेवावी लागते. पंचवीस फुटी गाडी स्वयंपाक, न्हाणीघर आणि लहानग्यांची झोप यांना पुरते, आणि मोठी मुले व बाकीची मंडळी तंबूत आनंदाने झोपतात.

कोणत्या मुलाला कोणते आसन, हेही आधीच ठरवावे. चौदा महिन्यांच्या बाळाची सीट मागे तोंड करूनच असली पाहिजे. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालील मुलांसाठी तो नियमच आहे. चाळीस पौंड वजन किंवा चाळीस इंच उंची भरली असेल तरच त्यातून सूट मिळते. दोन वर्षांनंतरही सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल मागे तोंड करून बसवावे, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. पुढच्या आसनासमोर एअरबॅग चालू असेल, तर अशी सीट तिथे कधीही ठेवू नये. कायद्याने आठ वर्षे पूर्ण झाली म्हणून लगेच बूस्टर काढू नये. चार फूट नऊ इंच उंची होईपर्यंत तो लागतो, आणि ती उंची अनेक मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत येत नाही. आपल्या बारा वर्षांच्या मुलालाही एकदा आसनावर बसवून पाहावे : पाठ पूर्ण टेकते का, गुडघे आसनाच्या कडेवर सहज वाकतात का, खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांवर बसतो का, वरचा पट्टा मानेला न घासता खांद्यावरून जातो का, आणि तो तासभर तसाच बसून राहू शकतो का. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या, म्हणजे महामार्ग पोलिसांच्या, कार्यालयांत प्रशिक्षित अधिकारी कार सीट विनामूल्य तपासून देतात. वेळ आधी ठरवून दोन्ही मिनीव्हॅन तिथे दाखवून घ्याव्यात.

आता रस्ता. आपण पंधरा नंबरच्या महामार्गाने कहोन पास ही डोंगरखिंड चढून बार्स्टोला जाल, तिथून चाळीस नंबरने नीडल्स, किंगमन आणि विल्यम्स, आणि शेवटी चौसष्ट नंबरने उत्तरेला साउथ रिम, म्हणजे ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ. हे अंतर सुमारे पाचशे मैलांचे आहे. मिनीव्हॅनला ते एका दिवसात जमेल, मोटरहोमला जमवू नये. भाड्याची गाडी सहसा दुपारी ताब्यात मिळते. त्याच संध्याकाळी निघण्याचा मोह टाळावा, पहाटे निघावे आणि रात्री किंगमनला मुक्काम करावा. कहोन पासमध्ये जोराचा आडवा वारा सुटतो आणि उंच, सपाट भिंतीची गाडी शेजारच्या मार्गिकेत ढकलली जाते, म्हणून तिथे वेग कमी ठेवावा. उतारावर सतत ब्रेक दाबत राहण्याऐवजी खालचा गिअर वापरावा.

नीडल्सच्या परिसरात जूनअखेर पारा ४० अंश सेल्सिअसच्या बराच वर जातो, आणि अशा उन्हात जुने किंवा कमी हवेचे टायर फुटतात. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१६ असे दिसले तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि खोबणी कितीही खोल दिसली तरी तो नाकारावा. हवा पहाटे, टायर थंड असताना मोजावी. मागे जोडचाके असतात, त्यांतल्या आतल्या चाकाची हवा मोजायला लोक विसरतात.

वजनाचेही तसेच. दाराच्या आतल्या बाजूला एक फलक असतो; माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्यावर पौंडात आणि किलोत लिहिलेले असते. पाण्याची टाकी भरली तर त्यातले किती वजन जाते, तेही तिथेच दिलेले असते. चाळीस गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ ३३० पौंड, म्हणजे दीडशे किलो. ट्रेलर व्हिलेजमध्ये उतरणार असाल, तर तिथे नळजोड मिळतो, तेव्हा वाटेपुरते पाणी घेऊन निघावे. तांदळाची पोती आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके तिन्ही कुटुंबांनी आणू नयेत. विल्यम्सला दुकाने आहेत.

शेवटची गोष्ट मुक्कामावरची, आणि माझ्या मते ती रस्त्यावरच्या धोक्यांइतकीच गंभीर आहे. मोटरहोम जागेवर मागे घेताना चालकाला मागचे जवळजवळ काही दिसत नाही. गाडी वळते तेव्हा मागच्या चाकांपलीकडचा भाग विरुद्ध बाजूला झेप घेतो आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला धडकू शकतो. म्हणून गाडी हलण्यापूर्वी आठही मुलांना दूरच्या लाकडी टेबलावर एकत्र बसवावे आणि एका मोठ्या माणसाने तिथे बसून मोजणी करावी. दुसऱ्याने चालकाला दिसेल असे मागे उभे राहून हाताने खुणा कराव्यात. मोजणी आठ भरल्याशिवाय गाडी एक फूटही हलू नये. भिंत बाहेर सरकवण्याची सोय असलेल्या गाडीत बटण दाबण्यापूर्वीही हीच मोजणी करावी, कारण त्या फटीत लहान बोटे सहज अडकतात.

प्रश्न : मुलगा-सून आणि चार नातवंडांबरोबर मी ऑगस्टमध्ये मोटरहोमने फिरायला जाणार आहे. गाडीतच शौचालय आणि फ्रीज आहे, मग मुलांसाठी वाटेत सारखे थांबायचे कशाला, असे मला वाटते. धाकट्याला मी मांडीवर घेऊन बसू शकेन.
— एक आजी, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आजी, आपली माया कळते, पण नातवाला मांडीवर घेऊ नका. धक्का बसतो तेव्हा कितीही बळकट हातांतून मूल निसटते, आणि आपल्या पुढे असल्यामुळे आपल्याच वजनाखाली सापडते. त्याच्या सीटच्या शेजारी पट्टा असलेली योग्य जागा असेल तर तिथे बसा, आपलाही पट्टा लावा आणि गोष्टी सांगा. हात धरायला तेवढे अंतर चालते.

शौचालय आणि फ्रीज गाडी उभी असतानाच वापरायचे. चालत्या गाडीत उभे राहिलेल्या मुलाला धरायला काही नसते आणि चालक कधी ब्रेक दाबणार हे त्याला कळत नाही. आमच्या एका प्रवासात असेच झाले. हरिण आडवे आले म्हणून ब्रेक लागला, वरच्या फडताळाची खिटी उघडली आणि पाच लिटरचा कुकर झाकणासह खाली आला. तो पडला त्या बाकावर दहा मिनिटांपूर्वी माझी भाची बसलेली होती. गादीला पडलेला खळगा मला अजून दिसतो. तेव्हापासून आम्ही जड भांडी जमिनीलगतच्या कपाटात, टॉवेलांमध्ये दाबून ठेवतो आणि दर थांब्यानंतर प्रत्येक खिटी हाताने ओढून पाहतो. आपल्या सुनेकडून हे काम आपण मागून घ्यावे. घरातल्या ज्येष्ठ माणसाची नजर अशा गोष्टी बरोबर टिपते.

दर दोन तासांनी थांबावे. मुलांना सू झालीच आहे असे धरून चालावे आणि थांबल्यावर सर्वांनाच पाठवावे. एखाद्याला मध्येच अनावर झाली तर पुढे जिथे महामार्गावरून बाहेर पडायची वाट येईल, तिथे उतरून गाडी थांबवावी. महामार्गाच्या कडेला केवळ खरी आणीबाणी असेल तरच थांबावे.

प्रश्न : गाडीत सहा मुले झोपणार आहेत. गॅस, जनरेटर आणि केबिनवरचा उंच बिछाना यांची भीती वाटते. कशाकडे लक्ष द्यावे?
— एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

उत्तर : भीती रास्त आहे. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही, म्हणून मुले झोपलेली असताना जनरेटर चालवू नये, आणि शेजारच्या गाडीच्या जनरेटरचा धूर आपल्या खिडकीकडे येत असेल तर नम्रपणे पण लगेच बोलावे. शेगडी ऊब मिळवण्यासाठी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड, धूर आणि प्रोपेन (शेगडीचा गॅस) यांची तिन्ही इशारा-घंटेची यंत्रे गाडी ताब्यात घेताना बटण दाबून वाजवून पाहावीत व त्यांवर छापलेली मुदतही वाचावी. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचे यंत्र जमिनीजवळ बसवलेले असते. त्याच्यापुढे चपला आणि पिशव्या रचू नयेत. प्रवासात सिलिंडरची झडप बंद ठेवावी, आणि पेट्रोल भरताना तर ती बंद असलीच पाहिजे.

केबिनवरच्या बिछान्यावर चालत्या गाडीत कोणीही असू नये. रात्रीसुद्धा सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये, आणि मोठ्यांसाठीही कठडा किंवा जाळी घट्ट बसली आहे का ते पाहावे. आग लागली तर दार बहुधा स्वयंपाकाच्या ओट्याजवळच असते, त्यामुळे आपत्कालीन खिडकीची सवय महत्त्वाची. पहिल्या संध्याकाळी, अंधार पडण्यापूर्वी, प्रत्येक मुलाला लाल खिट्या स्वतःच्या हाताने उघडायला लावाव्यात, खिडकी बाहेर ढकलायला लावावी, आणि खाली एका मोठ्या माणसाने उभे राहून त्यांना एकेक करून उतरवून घ्यावे. ज्या मुलाच्या हातून खिटी उघडत नाही, ते मूल मोठ्या माणसाच्या शेजारी झोपेल.

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन केलेली गाडी घेऊन मुलांसह पुण्याहून ताम्हिणी घाटाने दापोलीला जायचे आहे. आत सुंदर आडवे सोफे आहेत. चालेल ना?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सोफे मुक्कामावर वापरावेत. घाटाच्या वळणांवर आडव्या सोफ्यावरची मुले एकमेकांवर कोसळतात, आणि समोरून वाहन आले तर त्यांना अडवणारे काहीच नसते. पुढे तोंड असलेली, पट्टे असलेली आसने किती आहेत ते मालकाच्या शब्दावर न विसंबता स्वतः मोजावे आणि तेवढीच मुले न्यावीत. बाकीची आपल्या मोटारीतून. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब अन्वये एक हजार रुपये दंड होतो. गाडीची पाटी पिवळी, म्हणजे भाड्याच्या परवान्याची, असल्याचे पाहून घ्यावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याची भरपाई अडते. घरगुती सिलिंडर आत असेल तर घाट चढण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करून काढून घ्यावा आणि झडपेवर टोपी बसवावी. पावसाळ्यात जाणार असाल, तर दिवसाउजेडी घाट उतरून माणगावला पोहोचाल असे निघावे, आणि धुके दाटले तर घाटाच्या अलीकडेच थांबावे.